पात्र चालतंय, पण तरंगतंय: कॅरेक्टर ॲनिमेशनची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तीन महिने व्हिडिओ बघून ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकलात, एका मोफत रिगवर (हलवण्यासाठी सांधे आणि कंट्रोल बसवलेलं तयार पात्र) चालण्याची सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारी दोन पावलं, केली, पण पात्र जमिनीवर चालल्यासारखं वाटतच नाही, पाण्यात तरंगल्यासारखं वाटतं. चित्रकला बेताची आहे. आणि पुण्याला जाऊन कोर्स करावा की नाही, हे ठरत नाहीये.

प्रश्न चार दिसत असले तरी अडचण एकच आहे. तीन महिन्यांत तुम्हाला बटणं कळली, वजन कळलं नाही. की-फ्रेम, म्हणजे मुख्य पोझ असलेलं चित्र, दिली की मधल्या फ्रेम, म्हणजे मधली चित्रं, सॉफ्टवेअर भरतं. पण त्या पात्राचं वजन किती, ते जमिनीवर कधी पडतं आणि कधी उचललं जातं, हे त्याला माहीत नसतं. ते दोन पोझमधून गुळगुळीत रेघ ओढून मोकळं होतं. ती गुळगुळीत रेघ म्हणजेच तुमचं तरंगणं.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. गेमसाठी काम करायचंय की मालिका-चित्रपटांसाठी, की स्वतःच्या चॅनलसाठी छोट्या गोष्टी करायच्यात, त्यावर पुढची वाट बदलते. रोज दीड तास देऊ शकता की फक्त रविवारी, त्यावर वेग बदलतो. पण पहिले चार-पाच महिने करायचं काम सगळ्यांचं सारखंच असतं, टूडी असो वा थ्रीडी. म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

चालण्यापासून सुरुवात करायची चूक जवळपास सगळे करतात. आपण रोज चालतो, म्हणून ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात कंबर, दोन पाय, दोन हात, कणा, मान हे सगळं एकाच वेळी हलतं, आणि काही बिघडलं तर नेमकं काय बिघडलं हे नवख्या डोळ्याला सापडत नाही. चेंडूत लपायला जागा नसते. म्हणून आधी चेंडू करा. हसू नका, चांगला चेंडू करायला दोन आठवडे लागतात.

२४ फ्रेमचा सेकंद धरा. चेंडू १२ फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदात, जमिनीला लागतो असं समजा. हवा फारशी अडवत नसेल तर अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू साधारण १२२ सेंटिमीटर पडते. आता दर दोन फ्रेमला ती किती खाली आली ते बघा: ३, १४, ३१, ५४, ८५, १२२. निम्मा वेळ संपला तेव्हा चेंडूने फक्त पाव अंतर कापलंय. उरलेलं पाऊण अंतर तो पुढच्या ६ फ्रेममध्ये कापतो. किती फ्रेम लागल्या हे टायमिंग, आणि त्या फ्रेममध्ये वस्तू कुठे कुठे होती हे स्पेसिंग. नवखे लोक टायमिंग बरोबर घेतात आणि स्पेसिंग सॉफ्टवेअरवर सोडतात. वजन मात्र स्पेसिंगमध्येच असतं.

उसळीचे आकडेही देतो, तसेच भरून बघा. फ्रेम १ ला चेंडू वर, १३ ला जमिनीवर. मग २२ ला वर, ३१ ला खाली. ३८ ला वर, ४५ ला खाली. ५० ला वर, ५५ ला खाली. ५८ ला वर, ६१ ला खाली. म्हणजे वर जायला लागणारा वेळ ९, ७, ५, ३ फ्रेम असा कमी होत जातो. उंची वेळाच्या वर्गाने घटते, म्हणून ती साधारण ६९, ४२, २१ आणि ८ सेंटिमीटर ठेवा. उंची कमी करून वेळ तोच ठेवला, की चेंडू चंद्रावर उसळल्यासारखा दिसतो. ही चूक इतकी नेहमीची आहे, की कुणाचाही पहिला चेंडू बघताना आधी हेच तपासावं.

दुसरी नेहमीची चूक ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या खिडकीत, दिसते. ब्लेंडर नव्या की-फ्रेमला आपोआप गोलाई देतं, वर आणि खालीही. वरची गोलाई बरोबर आहे, चेंडू माथ्यावर खरंच रेंगाळतो. पण जमिनीपाशी गोलाई राहिली तर चेंडू टेकण्याआधी वेग कमी करतो, जणू खाली कापसाची गादी आहे. जमिनीवरच्या सगळ्या की, म्हणजे की-फ्रेम, निवडा, व्ही दाबा आणि हँडल (रेघेला वळण देणाऱ्या दांड्या) व्हेक्टर करा. रेघ तिथे टोकदार व्हायला हवी, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. मग माथ्याजवळची हँडल थोडी लांबवा आणि वरचे १२२ सेंटिमीटरचे आकडे जुळतात का ते फ्रेम फ्रेम पुढे जाऊन तपासा.

चेंडू दबतो आणि ताणला जातो, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेलच. त्याचं प्रमाण कोणी सांगत नाही. आकार बदलला तरी आकारमान तेवढंच राहायला हवं. थ्रीडीत उंची ०.८ केली तर रुंदी आणि जाडी दोन्ही १.१२ करा, टूडीत फक्त रुंदीच असते, म्हणून ती १.२५. दबणं फक्त टेकण्याच्या एका फ्रेमला, ताण त्याच्या आधीच्या एक-दोन फ्रेमना. माथ्यावर चेंडू पूर्ण गोल. सगळीकडे दबवत-ताणवत बसलात तर चेंडूची जेली होते.

हा चेंडू झाला, की सिझन बॉल करा, लगोरीचा रबरी चेंडू करा, फुगा करा. रंग तिन्हीला एकच ठेवा. बघणाऱ्याला न सांगता ओळखू आलं पाहिजे कोणता कोणता ते. सिझन बॉल पहिल्याच टप्प्यात बरीचशी उंची गमावतो आणि लवकर घरंगळायला लागतो. फुग्याला हवा अडवते, म्हणून तो वेग वाढवतच नाही, जवळपास सारख्या गतीने खाली येतो आणि त्याला उसळी अशी नसतेच. तिन्ही ओळखू आले तर समजा पहिला टप्पा पार झाला.

त्यानंतर चेंडूला तीन-चार सांध्यांची शेपूट लावून उडवा. प्रत्येक सांधा आधीच्या सांध्याच्या दोन फ्रेम मागे येऊ द्या. हात, केस, पदर, पुढे सगळं यातूनच निघतं. यावर आठवडाभर पुरे.

आता खरी गंमत. जगभर ॲनिमेशन शिकवताना पिठाची अर्धी भरलेली गोणी हलवायला देतात: चेहरा नाही, हातपाय नाहीत, तरी ती दमलेली किंवा घाबरलेली दिसली पाहिजे. तुम्ही सांगलीत आहात. गोणी कशी पडते आणि कशी उचलतात, हे बघायला तुमच्याकडे हळदीचं मार्केट यार्ड आहे. सकाळी जा, हमालांना आधी विचारा, आणि बाजूने, पूर्ण माणूस पायापासून डोक्यापर्यंत चौकटीत येईल असा मोबाईल विटांच्या थप्पीवर स्थिर ठेवून चित्रण करा. मोबाईल हातात धरू नका. तो हलला की वजनाचा अंदाज जातो.

घरी येऊन व्हीएलसीमध्ये ई दाबत फ्रेम फ्रेम पुढे जा. काय दिसेल ते सांगतो. दोघं जण आकडे लावून पोतं उचलतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर टाकतात. पोतं टेकताक्षणी त्याचे गुडघे आधी दबतात, मग कणा वाकतो, डोकं सगळ्यात शेवटी खाली येतं. हे सगळं काही फ्रेममध्ये उरकतं. लगेच तो चालायला लागत नाही. पाय थोडे फाकवून जागेवर बसवतो, एक झटका देऊन पोतं मानेखाली नीट सरकवतो, आणि मगच पहिलं पाऊल टाकतो, तेही आखूड. चालताना गुडघा पूर्ण सरळ होतच नाही. कंबर वर येत नाही. पाऊल जमिनीला जवळजवळ घासत पुढे जातं. आणि प्रत्येक पावलाला पोत्याचं वरचं टोक दोन-तीन फ्रेम उशिरा बसतं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं: जड म्हणजे हळू नव्हे. नवखे लोक जड वस्तू दाखवायला सगळंच संथ करतात. ट्रकवरून टाकलेलं ५० किलोचं पोतं तुमच्या चेंडूइतक्याच वेगाने पडतं, तेच ३, १४, ३१ वालं स्पेसिंग. ते उसळत नाही, टेकल्यावर कोपरे तीन-चार फ्रेम उशिरा ढिले पडतात, एवढाच फरक. वजन दिसतं ते हालचाल सुरू होण्याआधी आणि थांबल्यानंतर. उचलण्याआधी अंगाची तयारी किती, ठेवल्यावर अंग किती वर उसळतं, यावरून बघणारा किलो मोजतो.

तालमी तुमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, तिथलीही एक गोष्ट टिपून ठेवा. पवित्र्यात उभा पैलवान कुठे झुकतो आणि त्याची पावलं कुठे असतात, ते बघा. अंगाचा मध्य दोन पावलांच्या मधल्या जागेवर असेल तर माणूस उभा राहतो. त्या जागेच्या बाहेर गेला तर पडतो किंवा पाऊल टाकतो. तुमची कोणतीही पोझ खोटी वाटली, की कंबरेच्या मध्यातून सरळ खाली एक रेघ टाका. ती पावलांच्या बाहेर पडत असेल तर दोष तिथेच आहे.

एवढं झालं, की पुन्हा चालण्याकडे या. २४ फ्रेमची सायकल, एका पावलाला १२. फ्रेम १ ला टाच टेकते, पाय पुढे-मागे फाकलेले. ४ ला पुढचं पाऊल सपाट, गुडघा वाकलेला, कंबर सगळ्यात खाली. ७ ला मागचा पाय पुढे जाताना उभ्या पायाच्या शेजारून जातो. १० ला उभा पाय चवड्यावर, कंबर सगळ्यात वर. १३ ला पहिल्या पोझचा आरसा. २५ ही १ चीच प्रत. ती ठेवा, पण वाजवताना १ ते २४ च वाजवा, नाहीतर दर सेकंदाला एक फ्रेमचा अडखळा दिसतो.

तुमचं पात्र का तरंगतंय, याची मला वाटणारी कारणं, शक्यतेच्या क्रमाने. पहिलं, ४ ला कंबर पुरेशी खाली येत नाही. माणसाची कंबर चालताना साधारण ५ सेंटिमीटर वर-खाली होते. तुम्ही आधी १० करा, बघा, मग कमी करा. कमीकडून जास्तकडे जाताना डोळा घाबरतो, जास्तीकडून कमी करणं सोपं जातं. दुसरं, टेकलेलं पाऊल घसरतंय. जागेवरच्या चालीत, म्हणजे पात्र पुढे न सरकता चालतं तेव्हा, टेकलेलं पाऊल दर फ्रेमला सारखंच मागे गेलं पाहिजे: ६० सेंटिमीटरचं पाऊल १२ फ्रेममध्ये, म्हणजे फ्रेममागे ५. तिथे गोलाईची रेघ राहिली तर पाऊल मध्येच जोरात आणि टोकाला हळू सरकतं, बर्फावर चालल्यासारखं. त्या पावलाची पुढे-मागे जाणारी रेघ टेकलेल्या काळापुरती लिनिअर, म्हणजे सरळ, करा. तिसरं, कंबर बाजूला सरकत नाही. फ्रेम ७ ला सगळं वजन एका पायावर असतं, तेव्हा कंबर त्या पायाकडे जायला हवी आणि उचललेल्या पायाकडची बाजू किंचित खाली झुकायला हवी. समोरून बघा, बहुतेकांची चाल बाजूने ठीक असते आणि समोरून पुठ्ठ्याच्या बाहुलीसारखी.

आणखी एक, तरंगण्याशी थेट संबंध नसलेलं: चालताना गुडघा अचानक ताठ होऊन टचकन सुटल्यासारखा दिसत असेल, तर पाय पूर्ण लांबीपर्यंत ताणला गेलाय. कंबर थोडी खाली घ्या किंवा पाऊल आखूड करा. गुडघ्याच्या कंट्रोलशी झटापट करू नका.

हात शेवटी. खांदा पायाच्या उलट, कोपर त्याच्या एक-दोन फ्रेम मागे, मनगट आणखी एक-दोन. सगळ्या की एकाच फ्रेमवर उभ्या रांगेत दिसत असतील तर पात्र कवायत करतंय असं समजा.

चालणं जमल्यावर छोटा शॉट करा, ४ सेकंदांचा, म्हणजे ९६ फ्रेमचा. खुर्चीवर बसलेला माणूस उठतो आणि जड पिशवी उचलतो, एवढंच. आधी कागदावर काडीमाणसाच्या सहा ते आठ पोझ काढा. मग ब्लेंडरमध्ये टी दाबून की-फ्रेम कॉन्स्टंट करा, म्हणजे पात्र एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये उडी मारेल, मधलं काही दिसणार नाही. गोष्ट अशा उड्यांमध्येच कळली पाहिजे. कळत नसेल तर पोझ बदला; बेझिअर (गोलाईची रेघ) करून मधलं गुळगुळीत केल्याने ती कळणार नाही, फक्त चूक झाकली जाईल. ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे या उड्यांच्या टप्प्यात, प्रत्येक पोझला सगळ्या कंट्रोलवर की द्या, नाहीतर पुढे गोलाई आणताना एखादा हात भलतीकडे जातो आणि का गेला ते सापडत नाही.

पोझ तपासायची एक सोपी पद्धत. पात्र पूर्ण काळं करून बघा. भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेत बसलात तर नटाचा चेहरा नीट दिसत नाही, तरी कोण चिडलंय आणि कोण खोटं बोलतंय ते कळतं. ते अंगावरून कळतं. तुमच्या पात्राचा हात छातीसमोर लपलाय का, दोन्ही पाय एकमेकांत मिसळलेत का, हे काळ्या आकृतीत लगेच दिसतं.

ओठांच्या हालचाली इतक्यात नकोत. पण कधी करायला बसलात, तर नेटवरचे तक्ते इंग्रजी उच्चारांचे असतात, ते डोळे मिटून वापरू नका. मराठीत प, ब, भ, म ला ओठ मिटलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी. ‘काय म्हणता’ मधला म चुकला की सगळं वाक्य डब केल्यासारखं वाटतं. उलट ट, ड, ळ साठी जीभ कितीही वळली तरी बाहेरून जवळपास काही दिसत नाही. त्यासाठी वेगळं तोंड करत बसू नका.

चित्रकलेबद्दल. थ्रीडीत सुबक चित्र लागत नाही, पण काडीमाणूस भराभर काढता आला पाहिजे. एस.टी. स्टँडवर बसा, ३० सेकंदांत एक असे रोज २० माणसं काढा. चेहरा, कपडे काही नको. कणा कुठे वाकलाय आणि वजन कोणत्या पायावर आहे एवढंच. टूडी करायचं असेल तर मात्र चित्रकलेला पर्याय नाही. त्यासाठी क्रिता आणि पेन्सिल टूडी ही मोफत सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर चालतील.

लॅपटॉप पुरेसा आहे, एका सावधगिरीने. ब्लेंडर मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक फ्रेम दाखवतं. मशीन कमी पडलं की तेच २४ फ्रेम दीड-दोन सेकंदांत दिसतात आणि कोपऱ्यातला आकडा लाल होतो. तुम्हाला वाटतं हालचाल संथ आहे, तुम्ही ती वेगवान करता, आणि व्हिडिओ बाहेर काढल्यावर पात्र धावत सुटतं. म्हणून सॉलिड व्ह्यूमध्ये काम करा, सिम्प्लिफाय या सेटिंगमध्ये सबडिव्हिजन (पृष्ठभाग गुळगुळीत करणारी जादा विभागणी) शून्य ठेवा, आणि टायमिंगचा निर्णय नेहमी व्ह्यूपोर्ट रेंडर काढून, तो व्हिडिओ बघूनच घ्या. रिग म्हणाल तर ब्लेंडर स्टुडिओची रेन आणि स्नो ही पात्रं मोफत मिळतात. जड वाटली तर आणखी साधी, चेहरा नसलेली रिग घ्या. पहिले सहा महिने चेहऱ्याची गरज नाही.

राहिला पुण्याचा कोर्स. चेंडू, शेपूट, पोतं आणि चाल एवढं घरी होण्यासारखं आहे, तेवढ्यासाठी फी भरू नका. कोर्सचा खरा उपयोग एकच, दर आठवड्याला तुमचं काम बघून चूक दाखवणारा माणूस मिळणं. म्हणून चौकशीला गेलात तर सॉफ्टवेअर कोणती शिकवता हे विचारू नका. माझं काम दर आठवड्याला कोण बघणार, ते स्वतः ॲनिमेटर आहेत का, एका वर्गात किती जण, हे विचारा. आणि विद्यार्थ्यांनी चौथ्या महिन्यात केलेलं काम दाखवा म्हणा. झगमगीत रेंडर नकोत, साध्या राखाडी पात्राची चाल. आता तुम्हाला ती तपासता येईल: ४ ला कंबर खाली येते का, पाऊल घसरतं का, समोरून कशी दिसते. राखाडी चाल दाखवायला काचकूच केली तर निघून या. बी.कॉम. पूर्ण करा, ते यात आडवं येत नाही.

आणि ती जुनी चालीची फाइल दुरुस्त करत बसू नका. तिच्यात की इतक्या गुंतल्या असतील की एक सोडवताना दुसरी बिघडेल. चेंडूपासून इथपर्यंत आल्यावर नवी फाइल उघडून चार पोझ पुन्हा पहिल्यापासून लावा. जुनी पुसू नका. दोन्हींचा व्हिडिओ काढून शेजारी शेजारी चालवून बघायला ती लागेल.